साडेपाच इंच

एक गोष्ट मी जवळजवळ चाळीस वर्षं सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, सहलीच्या बसमध्ये, जुन्या गाड्या जपणाऱ्या आमच्या मित्रमंडळात. १९८१च्या मे महिन्यातली गोष्ट. आत्याने बाबांच्या मागे लकडा लावला होता, की दादा, मला गाडी शिकव. शेवटी बाबांनी फियाट साताऱ्याबाहेर, मेढ्याच्या रस्त्यालगतच्या माळावर नेली. आत्या स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मी मागे. मी तेव्हा अकरा वर्षांचा. गाडी सुरू व्हायची, दोन हात पुढे उडी मारायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी एका बांधावर चढून बसली. बाबा म्हणाले, "अगं, तुला क्लचच कळत नाही. हे तुझं काम नव्हे. उतर." आत्या उतरली आणि मागे माझ्याजवळ येऊन बसली.

मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. खुर्चीवर बसून आचके करून दाखवायचो, बाबांचा आवाज काढायचो, आत्याचा घाबरलेला चेहरा करायचो. लोक हसून बेजार व्हायचे. आत्या समोर असली तर तीही हसायची, आणि ती हसते त्या अर्थी तिला चालतं, असं मी धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

ही गोष्ट मी का सांगत राहिलो आणि ती सांगणं का थांबवलं, ते लिहायला बसलो आहे. त्यात दोन गाड्या आहेत. एक बाबांची, एक आत्याची. पहिलीला मी देव्हाऱ्यात बसवलं होतं आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर.

बाबांनी फियाटसाठी नंबर लावला १९६९ साली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. गाडी दारात आली १९७६ला. नंबर लावला तेव्हा ती फियाट ११०० होती, आली तेव्हा तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं होतं. आमच्याकडे शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. फिकट आकाशी रंग, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि अर्धी गल्ली बघायला उभी. सात वर्षं वाट पाहून आलेली वस्तू कशी हाताळतात, हे मी त्या अंगणात शिकलो. बाबा तिला पुसताना बनियनवर असायचे, कारण शर्टाच्या बटणाने रंगावर चरा पडेल.

मीही जीव लावला तिच्यावर. पुढच्या दारांतली ती तिकोनी काच, फिरवली की वारा थेट गळ्यावर येतो. दार लावताना येणारा भरीव आवाज. स्टिअरिंगखालून निघालेला गिअरचा दांडा, आणि पुढे सलग बाक, त्यावर आम्ही लहान असताना तिघे मावायचो. खंबाटकीच्या घाटात उन्हाळ्यात हमखास पेट्रोलची वाफ व्हायची, मग बाबा बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही कठड्यावर बसून कैरी खायचो. २००९मध्ये बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे पुण्याला आली. तेव्हापासून तिचं हेड दोनदा उतरवलं, टॅपेट स्वतः सेट करायला शिकलो, ग्रीसिंग दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. नोकरी सोडून बाकीचा माझा वेळ त्या गाडीने घेतला, आणि मी तो खुशीने दिला.

तिच्याबद्दल मी भाषण देऊ शकतो, दिलीही आहेत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या. पन्नासच्या दशकात ती गोल पाठीची, जिला आपण डुक्कर फियाट म्हणतो. मग १९६४मध्ये ११००डी, कोपरे काढलेली, मागे इवलेसे पंख असलेली. हीच पुढे पद्मिनी झाली. इटलीत ११००डी १९६६ला बंद पडली आणि आपल्याकडे तीच गाडी जुजबी फेरफार करत जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिली. हे वाक्य मी नेहमी अभिमानाने म्हणायचो. जे चांगलं आहे त्याला बदलायची गरज पडत नाही, असं त्यापुढे जोडायचो.

मारुती ८००ला मी गाडीच मानत नव्हतो. पत्र्याचा डबा, हा माझा ठरलेला शब्द. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या ८००ची किल्ली दिली, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. दहा-दहा हजार रुपये भरून लाखावर लोकांनी नंबर लावले होते. पेपरातला फोटो बघून बाबा म्हणाले होते, "बारीक आहे." तेवढंच म्हणाले होते. पुढची सगळी तुच्छता माझी मी तयार केली. इंजिन तीन सिलेंडरचं, चाकं बारा इंची, दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज. तिला चेहरा नाही, असं मी म्हणायचो. आणि सगळ्यांत मोठा आक्षेप, जो मी उघड बोलायचो नाही पण मनात पक्का होता: ती कोणालाही मिळत होती. जिच्यासाठी बाबांनी सात वर्षं काढली, तसली चीज कोणीही उठून घ्यावी आणि आठवड्यात शिकून चालवावी, हे मला बघवत नव्हतं. त्याला मी अभिरुची समजत होतो.

आत्याने १९९४ साली ८०० घेतली. ती वाईला शाळेत शिक्षिका होती, एकटी राहायची. फंडातून कर्ज काढून तीन वर्षं वापरलेली पांढरी ८०० घेतली, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून शिकली, लायसन काढलं, आणि मग आम्हाला कळवलं. मी चोवीस वर्षांचा होतो. गाडी बघायला गेलो आणि म्हणालो, "आत्या, ही चालवायला येत नाही असा माणूस सापडणार नाही. म्हणून तुला जमली." हे मी बोललो. शब्द न शब्द आठवतो. ती म्हणाली, "हो रे, सोपी आहे," आणि आत चहा टाकायला गेली.

२०१४च्या जानेवारीत ८००चं उत्पादन थांबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या, म्हणजे त्यातल्या प्रत्येकीत कोणाचं तरी पहिलं काहीतरी घडलं असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा मी रात्र जागून आमच्या मंडळाच्या अंकासाठी मृत्युलेख लिहिला. काळी-पिवळी, मीटर उलटं पाडल्याचा आवाज, टपावरच्या कॅरिअरला बांधलेल्या वळकट्या. लिहिताना रडलो होतो. तो लेख खोटा नव्हता, अजूनही मला तो खराच वाटतो.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या मंडळाचा मेळावा होता. कोणती गाडी घ्यायची, कोणती नाही, हे ठरवणाऱ्या तिघांत मी एक. सकाळी सातला सत्तरीचे एक गृहस्थ १९८६ची ८०० घेऊन आले. लाल. टायर धुऊन आणले होते, मैदानावर त्यांच्या ओल्या खुणा उठल्या होत्या. सीटवर मूळचं कापड, त्यावर पांढरा अभ्रा. म्हणाले, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे, एका कडेला उभी केली तरी चालेल. मी म्हणालो, "काका, राग मानू नका, पण ही क्लासिकमध्ये येत नाही. आपल्या नियमात वयापुरतं सगळं नसतं, गाडीला काही एक दर्जा लागतो." ते "बरं बरं" म्हणाले, गाडीत बसले, आणि निघण्याआधी रुमालाने आरसा पुसला. त्यांचा फोन नंबर नोंदणीच्या वहीत होता.

आत्या २०२२च्या जानेवारीत गेली. चौऱ्याहत्तर वर्षांची होती. वाईचं घर दोन वर्षं तसंच कुलपात पडलं होतं, २०२४च्या मे महिन्यात ते रिकामं करायला मी गेलो. भांडी शाळेच्या शिपाईबाईंना दिली, पुस्तकं वाचनालयात दिली. राहिली गाडी. मागच्या पडवीत, सिमेंटच्या पत्र्याखाली, जुन्या चादरीने झाकलेली. ती २०१९पासून जागची हलली नव्हती. भंगारवाल्याला संध्याकाळी पाचला बोलावलं होतं. वाईतली हवा ओली, खालून पत्रा खाल्लेला असणार, म्हणून मी भाव ठरवताना घासाघीसही केली नाही.

गाडी पडवीतून ढकलून अंगणात काढायची म्हणून न्यूट्रल करायला मी दार उघडलं. आणि बसता येईना. सीट इतकी पुढे होती, की माझा गुडघा स्टिअरिंग आणि दाराच्या मध्ये अडकला. मी खाली हात घालून सीटचा दांडा ओढला. दांडा हलला, सीट हलली नाही. रेल गंजून धरली होती. मी उतरून दोन्ही पाय जमिनीला टेकवून सीट मागे ओढली, खांद्याने रेटली. काही नाही. पुढच्या टोकाला, शेवटच्या खाचेत ती बसली होती आणि तिथेच तिचा लोखंडाचा गोळा झाला होता.

गाड्यांच्या कामात माणसाला मापं घ्यायची खोड लागते. खिशात टेप असतोच. मी काही विचार करून नाही, नुसता हाताला चाळा म्हणून, सीटच्या पाठीपासून क्लचच्या पेडलपर्यंत टेप लावला. पेडल पूर्ण दाबून. चौतीस इंच.

चौतीस इंच हा आकडा डोक्यात घेऊन मी पायरीवर बसलो. आत्या चार फूट दहा होती. तिच्या साड्या तिला आखूड करून घ्याव्या लागायच्या, फळ्यावर वरच्या ओळी ती मुलांकडून लिहून घ्यायची, हे सगळं मला माहीत होतं. बाबा सहा फूट. आमच्या फियाटचं पुढचं बाक आल्यापासून खडखडायचं, म्हणून बाबांनी ते १९७८च्या सुमारास साताऱ्यातल्या एका मिस्त्रीकडून स्वतःच्या मापाला चार बोल्ट मारून पक्कं करून घेतलं होतं. ते बोल्ट मी पंधरा वर्षं तेल लावून सांभाळत होतो. बाबांची आठवण म्हणून.

भंगारवाल्याला फोन करून उद्या ये म्हणालो. रात्री दहाला पुण्यात पोचलो. बायको म्हणाली जेवून घे. मी आधी खाली पार्किंगमध्ये गेलो, फियाटचं कव्हर अर्धं उचललं आणि टेप लावला. पाठ ते क्लच, पूर्ण दाबून. साडेएकोणचाळीस.

साडेपाच इंच.

नुसत्या मापाने खात्री होईना. सकाळी मी बायकोला म्हणालो, जरा खाली येतेस का. ती पाच फूट आहे, आत्यापेक्षा दोन इंच उंच, आणि वीस वर्षं पुण्याच्या रहदारीत रोज गाडी चालवते आहे. तिला फियाटच्या स्टिअरिंगवर बसवलं. मी शेजारी न बसता मागे बसलो, जिथे १९८१मध्ये बसलो होतो. का ते तिला सांगितलं नाही. तिने गाडी सुरू केली, क्लच दाबायला पाय टाकला. पाय पोचला, पण फक्त चवडा. पूर्ण दाबायचा तर तिला कंबर पुढे सरकवून बाकाच्या कडेवर यावं लागलं, आणि तशी ती सरकली की तिची नजर स्टिअरिंगच्या कड्याखाली गेली. रस्ता बघायला वर झाली की पाय सुटला.

पाय सुटला आणि गाडीने उडी मारली. माझं कपाळ पुढच्या बाकावर आदळलं. मग आचके, मग बंद. तोच आचका, तोच आवाज. चाळीस वर्षं मी खुर्चीवर बसून ज्याची नक्कल केली, ती इतकी हुबेहूब होती, की मला त्या माळावरचा धुळीचा वास आला.

बायको मागे वळून म्हणाली, "अरे, पाय पुरला तर दिसत नाही आणि दिसलं तर पाय पुरत नाही. ही चालवायची कशी?"

आत्याला क्लच कळत होता. तिचा पाय पोचत नव्हता. तीन दिवस तिने न पोचणाऱ्या पायाने, न दिसणाऱ्या माळावर गाडी नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात ती चुकली असं आम्ही दोघांनी ठरवलं. बाबांना दिसलं नाही, कारण ते शेजारी बसून समोर बघत होते. पण मी मागे बसलो होतो. तिचं डोकं बाकाआड खाली जाताना आणि वर येताना मी बघत होतो. मला दिसत होतं, आणि मला ते गमतीचं वाटलं.

आणखी एक गोष्ट त्याच सकाळी कळली. पंधरा वर्षांत मी बायकोला ती गाडी एकदाही चालवायला दिली नव्हती. तिने मागितली नव्हती हे खरं आहे. मला विचारावंसं वाटलं नव्हतं, हेही खरं आहे.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी माझी भाषणं एकेक करून तपासत होतो. ८०० मी वाईहून ट्रकवर घालून आणली आणि खोलली. मला तिच्यात काहीतरी थोर सापडावं असं वाटत होतं, म्हणजे माझ्या चुकीची भरपाई सोपी झाली असती. तसं काही सापडलं नाही. साधं काम आहे. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, ताकद पुढच्याच चाकांना, म्हणून गाडीच्या मधून मागे जाणारा लांब शाफ्ट नाही आणि बसणाऱ्याच्या पायांत त्याचा उंचवटा नाही. ती मुळात जपानमधल्या छोट्या गाड्यांच्या नियमांत बसवलेल्या सुझुकीवरून आलेली, त्यामुळे प्रत्येक इंचाचा हिशेब केलेला. वाईच्या एका शिक्षिकेचा विचार करून तिथे कोणी काही आखलं नव्हतं. पण ड्रायव्हरची सीट वेगळी होती, हवी तशी सरकवता येत होती, आणि पेडलला जोर लागत नव्हता.

आकडे शेजारी ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण ते मला पाठ होते. पद्मिनी १०८९ सीसी, ८०० ही ७९६ सीसी. ताकद दोघींची जवळजवळ सारखी, चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. वजन मात्र एकीचं नऊशे किलोच्या जवळ, दुसरीचं साडेसहाशेच्या जवळ. तेवढ्याच घोड्यांनी पाव टन कमी ओढायचा. याला मी पत्र्याचा डबा म्हणत आलो. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित, असंही ठासून सांगायचो, आणि आमच्या फियाटला पुढे पट्टेसुद्धा नव्हते.

आणि ते १९६६चं वाक्य. इटलीत बंद पडलेली गाडी आपल्याकडे तीस-पस्तीस वर्षं तशीच निघत राहिली, याचा मी अभिमान धरला. पण ती तशी राहिली, कारण बदलायची कोणावर पाळी आली नाही. परवाने मोजके, गाड्या मोजक्या, आणि बाहेर सात-सात वर्षं रांग लावून उभी माणसं. इतकी वर्षं थांबून मिळालेल्या गाडीकडून कोणी काही मागत नाही. तिला जसं हवं तसं आपण व्हायचं. बाबा उंच होते, तिच्यात मावले. ज्यांना मावता आलं नाही, त्यांना क्लच कळत नाही असं आम्ही म्हणालो. बाबांना मी दोष देत नाही, बोल्ट त्यांनी खडखड थांबवायला मारले होते. पण मी त्या अडचणीला परंपरा म्हणून तेल घालत बसलो होतो, आणि माझ्याकडे खडखडीचं कारणही नव्हतं.

८००च्या कप्प्यात आत्याची पेट्रोलची वही होती. त्या काळी सगळेच ठेवायचे. तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. मनातलं असं तिने त्यात काही लिहिलेलं नाही, क्वचित एखाद्या ओळीपुढे दोन शब्द. १९९५च्या एका नोंदीपुढे आहे, "पसरणी घाट, एकटी." १९९८च्या नोव्हेंबरात आहे, "पुणे जाऊन-येऊन. दादाला घेऊन."

१९९८च्या नोव्हेंबरात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. मी तेव्हा पुण्यातच नोकरीला होतो. दवाखान्यात गेलो, बाबांशी बोललो, डॉक्टरांना भेटलो, संध्याकाळी त्यांना खाली सोडायला आलो. ते कशाने आले आणि कशाने जाणार, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. वहीतली ती ओळ वाचल्यावर आठवलं, की फाटकाशी पांढरी गाडी उभी होती आणि बाबा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून तिच्या डाव्या सीटवर बसले होते, गुडघे मुडपून. साताऱ्याला परतताना खंबाटकी चढावी लागायची आणि उतरावीही लागायची. तिने ते नेलं. आणि बाबा तिच्या शेजारी बसले, तो माळावरचा प्रसंग दोघांना माहीत असताना. घाटात ते काय बोलले असतील, काही बोलले असतील का, हे सांगणारं आता कोणी नाही. एवढं नक्की, की त्यानंतर बाबांनी ती गोष्ट कधीच सांगितली नाही. मी सांगायला लागलो की ते उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, त्यांना माझी नक्कल आवडत नाही.

जूनमध्ये मी त्या लाल ८००वाल्या काकांना फोन केला. नंबर काढून ठेवून आठवडाभर हिंमत झाली नव्हती. मी नाव सांगितलं, त्यांना लगेच ओळख पटली. म्हणालो, डिसेंबरात मी चुकीचं बोललो, पुढच्या मेळाव्याला गाडी घेऊन या, पहिल्या ओळीत लावू. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, गाडी मार्चमध्ये दिली भंगारात. मुलं कधीची मागे लागली होती. म्हटलं, जाऊ दे, कोणाला हवी आहे." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. मी अजून काहीतरी पुटपुटलो, त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

फियाटचे बोल्ट मी त्याच पावसाळ्यात काढले. तीन पान्याने निघाले, चौथा कापावा लागला. बाकाखालचं रबरी मॅटिंग अजून काळंभोर होतं, कडेची धूळ तिथे कधी पोचलीच नव्हती. रेल साफ केल्या, खडखड थांबायला पट्ट्यांखाली फेल्ट घातलं. बाक आता सरकतं. बायको रविवारी सकाळी ती बाणेरच्या टेकडीपर्यंत नेते, स्टिअरिंग फारच जड आहे अशी तिची तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. ती परत आली की मी बाक मागे घेतो, मला पुढे बसवत नाही. गाडीवरचं माझं प्रेम तिळभर कमी झालेलं नाही. ते कमी होईल असं मला मध्ये वाटलं होतं.

आत्याच्या ८००चं बरंचसं काम झालं. खालचा पत्रा बदलला, ब्रेक केले, टायमिंग बेल्ट नवा घातला, कार्बोरेटर साफ केला. दुसऱ्या हाकेला ओ द्यावी तशी चालू झाली. आता फेरपासिंगला न्यायची आहे. मिस्त्री म्हणतो, सीटचं काय ते सांगा. त्याला ती गाडी चालवून बघायची असते आणि तो माझ्याएवढा उंच आहे, वाकडा होऊन बसतो. गंज सोडवायचं तेल त्याने आणून ठेवलं आहे, रात्रभर घातलं तर सकाळपर्यंत रेल सुटेल म्हणतो. सुटलीच पाहिजे, नाहीतर ती गाडी आमच्या घरात फक्त बायकोला चालवता येईल. गेल्या शनिवारी तेलाची बाटली हातात घेऊन त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "घालू का साहेब?"

मी म्हणालो, आज राहू दे.